ठराव क्रमांक सात आणि एक अप्रिय माणूस

सहदेव घाडीगावकर दोन मार्कांनी नापास झाला, हे मुलुंड पूर्वेच्या सुयोग-छाया सोसायटीतल्या चोवीसच्या चोवीस बिऱ्हाडांना ठाऊक होतं. ते दोन मार्क नेमके कुठे गेले, हे फक्त सहदेवला ठाऊक होतं. आणि ते का गेले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ही गोष्ट त्या 'का'ची आहे.

सहदेव एका निमसरकारी महामंडळात क्लार्क होता. सतरा वर्षं क्लार्क होता. हेडक्लार्क व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागे, आणि ती आयुष्यात तीनदाच देता येई. पहिल्या वेळी त्याला ऐन परीक्षेच्या आठवड्यात कावीळ झाली. दुसऱ्या वेळी ते दोन मार्क गेले. आता सत्त्याऐंशीच्या जानेवारीतली तिसरी आणि शेवटची संधी तेवढी उरली होती. दरम्यान प्रेमा कुलथे, जिला सहदेवनं फायलीत दोरा कसा ओवायचा ते शिकवलं होतं, ती पहिल्या झटक्यात पास होऊन हातांच्या खुर्चीत जाऊन बसली. सहदेवच्या खुर्चीला हात नव्हते. माणसाला हात नसलेल्या खुर्चीत सतरा वर्षं बसवलं तर तो आपले हात कुठे ठेवतो, याचा विचार एकाही वेतन आयोगानं केलेला नाही.

बाकी विषयांचं काही नव्हतं. नियम, टिपण्या, मसुदे यांत सहदेव वाघ होता. अडायचं ते इंग्रजीत, आणि इंग्रजीतही त्या दोन-तीन शब्दांच्या क्रियापदांत. 'लुक' म्हणजे बघणे आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर, हे ज्यानं शाळेत छडी खाऊन पाठ केलं, त्याला पुढे कुणी 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे असं सांगितलं की त्याचा जगावरचा विश्वासच उडतो. सहदेवचा उडाला होता. पण तो हटणारा नव्हता. त्यानं फोर्टच्या फूटपाथवरून एक जाडजूड इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी आणली, तिला तपकिरी कव्हर घातलं आणि रोज सकाळी दाढीच्या आधी दोन क्रियापदं गिळायला सुरुवात केली.

आता ते दोन मार्क. मागच्या परीक्षेत 'पुट अप विथ' वाक्यात वापरायला आलं होतं. सहदेवनं लिहिलं, 'आय पुट अप विथ माय ऑफिसर.' मी माझ्या साहेबांचं सगळं निमूट सोसतो, कुरकुर करत नाही. आज्ञाधारक कर्मचाऱ्यानं याहून चांगलं काय लिहायचं? पण पेपर तपासायला होते खुद्द साहेब. त्या वाक्यावर लाल फुली इतकी दाबून मारली होती, की कागद फाटून खालच्या उत्तरालाही ओरखडा आला होता. प्रेमा कुलथेनं तो पेपर त्याला लांबून दाखवला. त्यानंतर महिनाभर साहेबांनी त्याच्या नमस्काराला मान हलवली नाही.

सहदेवनं डिक्शनरी उघडली. तिच्यात लिहिलं होतं, 'टु बेअर समवन ऑर समथिंग अनप्लेझंट विदाउट कम्प्लेनिंग.' म्हणजे, कुणी माणूस किंवा काही अप्रिय गोष्ट तक्रार न करता सहन करणे. आता यातला 'अप्रिय' कुणाचा? तो फक्त गोष्टीचा असेल, तर माणूस कसाही असला तरी चालतो. मग सहदेवचं वाक्य गंगेसारखं निर्मळ ठरतं आणि साहेबांनी दोन मार्क अन्यायानं कापलेत. पण तो 'अप्रिय' माणसालाही लागत असेल, तर सहदेवनं भर परीक्षेत, स्वतःच्या हस्ताक्षरात, साहेबांना अप्रिय म्हटलंय. मार्क गेले ते गेले. पण आपण अन्याय झालेला माणूस आहोत की मूर्ख, हे कळल्याशिवाय तिसऱ्यांदा पेपरला बसायचं तरी कोणत्या तोंडानं?

पहिल्यांदा तो पहिल्या मजल्यावरच्या सुलक्षणाबाई टिपणिसांकडे गेला. त्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, चष्मा काढून वाचली, आणि म्हणाल्या, "घाडीगावकर, दोघांनाही लागतं."

"पण कशावरून?"

"अनुभवावरून."

"अनुभव नको बाई, नियम सांगा."

"आमच्या वर्गात एवढं कुणी विचारत नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या. त्यांनी डिक्शनरी मिटून त्याच्या हातात दिली, आणि ती जड आहे, जपून जिना उतरा, असंही सांगितलं.

जिन्यातच दशरथ मयेकर भेटला. हा सहदेवच्या डोक्यावर राहायचा, म्हणजे वरच्या मजल्यावर, आणि रोज संध्याकाळी भजनी मंडळासाठी पखवाज वाजवायचा. दोघांची गावं एकाच खाडीच्या दोन काठांवर. दशरथनं डिक्शनरीकडे बघितलंसुद्धा नाही.

"अरे सहदेवा, माणसाक अप्रिय कोण म्हणतलो पुस्तकात? छापणारो काय येडो असा? उद्या कोणी त्याच्यार केस केल्यान तर?"

सहदेवला हा युक्तिवाद फार आवडला. पण सुलक्षणाबाई एक आणि दशरथ एक, अशी बरोबरी झाली होती, आणि बरोबरी सहदेवला सोसवत नसे. त्यानं डिक्शनरीच्या प्रकाशकांना थेट विलायतेला पत्र लिहिलं. मायना लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. आत मुलांच्या रंगीत चित्रपुस्तकांची यादी होती आणि आमच्या प्रकाशनांत रस घेतल्याबद्दल आभार होते. जानकीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्यातलं हत्तीचं चित्र कापून पिठाच्या डब्यावर चिकटवलं. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता.

सहदेव थांबला नाही, कारण तो सोसायटीचा सेक्रेटरीही होता. आणि सुयोग-छायात कुठलाही प्रश्न कधी लोंबकळत राहत नसे. त्यावर ठराव होई. जिन्यातला झाडू कुठे उभा करायचा, यावर ठराव झाला होता. पोस्टमननं बेल किती वेळा वाजवावी, यावरही झाला होता. पोस्टमनला तो कळवला नव्हता, ही गोष्ट वेगळी. मांडलं, अनुमोदन आलं, हात वर झाले की सोसायटीपुरतं सत्य ठरलं. सहदेवनं नोव्हेंबरच्या कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेत शेवटी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय.' त्या गोड वाक्यामागे 'पुट अप विथ' दबा धरून बसलं होतं.

अध्यक्ष होते भाऊराव रणपिसे. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून रिटायर झालेले, शब्दाला पक्के, आणि सभा म्हणजे सभा असं मानणारे. गच्चीची गळती, सांडपाण्याची मोरी वगैरे किरकोळ विषय संपल्यावर सहदेव उभा राहिला आणि त्यानं डिक्शनरी टेबलावर ठेवली. टेबल हललं.

"मुद्दा काय आहे तो आधी सभेला समजू द्या, सेक्रेटरीसाहेब," भाऊराव म्हणाले.

"समजा," सहदेव म्हणाला, "आपण म्हटलं, म्हातारे पुरुष आणि बायका. तर म्हातारे फक्त पुरुष, की बायकापण?"

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?" तळमजल्यावरच्या द्रौपदीबाई शेलार कडाडल्या. कमिटीवर त्या एकतीस वर्षांच्या सुनेच्या जागी स्वतः निवडून आल्या होत्या, आणि गच्चीत सुकट वाळत घालायच्या त्यांच्या हक्काला आजवर कुणी हात लावला नव्हता.

"तुम्हाला नाही हो, हे उदाहरण आहे."

"मग उदाहरण तुझ्या बायकोचं दे ना!"

पुढची चाळीस मिनिटं इंग्रजीचा असा कीस पडला, की खुद्द इंग्रजांनीही पाडला नसेल. कुणी म्हणालं, शब्द ज्याच्या शेजारी बसतो त्याचाच असतो. कुणी म्हणालं, मग जिन्यातला बल्ब काय फक्त ज्याच्या दाराशी आहे त्याचाच का? दशरथ म्हणाला, "वाक्यात घालून बघा ना यार. आम्ही द्रौपदीबाईच्या सुकटीचा वास पुट अप विथ करतो. झकास बसतं! वास अप्रिय, बाई अप्रिय नाय." यावर द्रौपदीबाईंनी विचारलं, की रोज संध्याकाळी त्या चामड्यावर थापा पडतात, त्यात अप्रिय काय, पखवाज की पखवाजवाला? सुलक्षणाबाई म्हणाल्या, "दोन्ही. मी घाडीगावकरांना आधीच सांगितलंय."

भाऊरावांनी चावीनं टेबल वाजवलं आणि मत टाकायला सांगितलं. नऊ जणांची कमिटी. 'अप्रिय' फक्त गोष्टीला लागतो, या बाजूनं चार हात वर झाले. त्यांतला एक सहदेवचा, सगळ्यांत उंच. माणसालाही लागतो, या बाजूनं पाच. द्रौपदीबाईंनी हात वर करताना दशरथकडे बघितलं. दशरथनं मघाशी 'फक्त गोष्टीला'च्या बाजूनं, म्हणजे बाईंना अप्रिय न धरता, हात वर केला होता, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

पाच विरुद्ध चार. म्हणजे सहदेवनं साहेबांना अप्रिय म्हटलं होतं, हे सुयोग-छायात बहुमतानं सिद्ध झालं. सहदेवचा चेहरा पडला. पण सभेचं इतिवृत्त लिहायचं काम त्याचंच होतं, आणि सहदेवनं आजवर इतिवृत्तात खोटं लिहिलेलं नव्हतं. त्यानं लिहिलं, "'पुट अप विथ'मधील अप्रिय हा शब्द माणसालाही लागू आहे, असे ठरले."

"हे काय ठराव झाला?" भाऊराव म्हणाले. "ठरावात काहीतरी करायचं असावं लागतं. नुसतं आहे म्हणून कसं चालेल? लिहा." आणि त्यांनी सांगितलं. रेल्वेत त्यांनी तीस वर्षं खिडकीतून रांगेला सूचना दिल्या होत्या, त्यामुळे आवाजाला वजन होतं. त्यांच्या तोंडून ठराव क्रमांक सात असा उतरला: 'सदर संज्ञेखाली माणूसही अप्रिय धरावा, व त्यास तक्रार न करता सहन करावे. सूचक, सौ. टिपणीस. अनुमोदक, श्रीमती शेलार. ठराव बहुमताने मंजूर.'

सहदेवनं ते लिहिलं, खाली सही केली, आणि वहीवर सोसायटीचा गोल शिक्का मारला. शिक्का जरा वाकडा उठला, एवढाच काय तो अपशकुन झाला.

आता मध्ये गच्ची येते. सुयोग-छायाची गच्ची तीन पावसाळे गळत होती. ती दुरुस्त करायला सहकार खात्याची परवानगी लागत होती, आणि ती फाईल घाटकोपरच्या कचेरीत चौदा महिने पडून होती. डिसेंबरात कचेरीनं मागच्या तीन सभांच्या इतिवृत्तांच्या खऱ्या नकला मागवल्या. सहदेवनं त्या कार्बन लावून, सुवाच्य अक्षरात काढल्या आणि रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. इतिवृत्त वाचणारा एकही माणूस खात्यात नसणार, अशी त्याची पक्की खात्री होती. सतरा वर्षांच्या नोकरीचा हा निष्कर्ष होता, आणि तोही चुकला.

नऊ दिवसांत पत्र आलं. 'आपल्या ठराव क्र. ७ वरून संस्थेत एक अप्रिय व्यक्ती असल्याचे व तिला तक्रार न करता सहन करण्याचे ठरल्याचे दिसते. सदर व्यक्ती कोण? ती सभासद आहे काय? असल्यास तिला आपले म्हणणे मांडण्याची संधी देण्यात आली होती काय? खुलासा सात दिवसांत न आल्यास गच्चीच्या परवानगीचा विचार करता येणार नाही.'

हे पत्र फळ्यावर लागलं तो सोमवार होता. परीक्षेला तेरा दिवस उरले होते. संध्याकाळी सहदेव 'गेट अवे विथ' पाठ करत बसला होता, तर बेल वाजली. दारात दशरथ. हातात वाटीभर सोलकढी.

"सहदेवा, खरा सांग. तो माणूस मी असंय काय?"

"अरे कुठला माणूस?"

"ठरावातलो. पखवाजाचो तरास होता तर तोंडार सांगूचा होता ना. सरकाराक कित्याक कळवलंस?"

सहदेवनं त्याला डिक्शनरी उघडून समजावलं. दशरथनं सगळं ऐकून घेतलं, आणि जाताना म्हणाला, की ठीक आहे, उद्यापासून पखवाज मंडळात जाऊन वाजवतो. तो गेला आणि पाठोपाठ द्रौपदीबाई आल्या. त्या रडल्या. सुकट काय, उद्यापासून खारदांड्याला बहिणीकडे वाळवीन, म्हणाल्या, पण या वयात सरकारदरबारी नाव नको. मंगळवारी सुलक्षणाबाईंनी विचारलं, की आपण जिन्यात मुलांना ओरडतो त्याबद्दल तर हे नाही ना. बुधवारी भाऊराव आले. ते बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, मी सभेत माणसाला बोलू देत नाही, असं काहींचं म्हणणं असेल, तर ते माझ्या समोर यावं." त्यांचा तो ताठ आवाज किंचित हलला. सहदेवला फार वाईट वाटलं.

त्या आठवड्यात सुयोग-छाया जेवढी सज्जन झाली, तेवढी ती आधी कधी नव्हती. पखवाज गप्प. जिन्यात चपला ओळीनं. दूरदर्शनचा रविवारचा सिनेमा लोकांनी आवाज बारीक करून बघितला. तिसऱ्या मजल्यावरच्या पेंडुरकरांनी तर कपडे पिळून वाळत घातले. ही गोष्ट बिल्डिंग उभी राहिल्यापासून झाली नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं, तो माणूस मीच.

"वाट लावून ठेवली माझी या लोकांनी," सहदेव जानकीला म्हणाला. "परीक्षा तोंडावर, आणि रोज एकेक येऊन विचारतोय, तो मी का, तो मी का. अर्थ एकालाही कळला नाही."

जानकी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "सगळे येऊन विचारून गेले ना?"

"सगळे!"

"तुम्ही गेलात का कुणाकडे विचारायला?"

"मी कशाला जाऊ?"

"तेच म्हणते," जानकी म्हणाली, आणि तिनं सुपातला एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला.

सहदेवनं पुस्तक उघडलं. 'गेट अवे विथ' म्हणजे काहीतरी वाईट करून शिक्षेविना सुटणे. ती ओळ त्यानं चार वेळा वाचली, पण ती डोक्यात शिरेना.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि डिक्शनरी पिशवीत घालून घाटकोपरची कचेरी गाठली. ज्या टेबलावर जायला सांगितलं होतं, ते टेबल आदल्या दिवशी वरच्या मजल्यावर गेलं होतं. वरच्या मजल्यावर टेबल होतं, बाई जेवायला गेल्या होत्या. बाई आल्या तेव्हा फाईल खाली राहिली होती. या सगळ्यात सहदेवला आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. तोही लोकांना असाच खालीवर पाठवत असे. फक्त या वेळी जिने तो स्वतः चढत होता.

बाईंचं नाव अनुपमा वाघचौरे. त्यांनी डिक्शनरीतली ती ओळ बोट ठेवून वाचली.

"मग हा अप्रिय माणसालाही लागतो?"

"पाच विरुद्ध चार मतांनी लागतो," सहदेव म्हणाला.

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, नाही लागत. पलीकडचे म्हणाले, लागतो तर. अनुपमाबाईंनी दोघांना हातानं गप्प केलं. इथेही मतदान झालं असतं, पण त्यांना पावणेपाचला निघायचं होतं.

"मला तुमचं म्हणणं पटतंय, घाडीगावकर. पण फायलीला डिक्शनरी लावता येत नाही. पान फाडून देता?"

सहदेवनं डिक्शनरी छातीशी धरली.

"मग दोन रस्ते आहेत. एक, ठराव रद्द करा. विशेष सभा, चौदा दिवसांची नोटीस, नवं इतिवृत्त. तोवर आमचे साहेब रजेवर जातील, ते एकदम एप्रिलात येतील. दुसरा, नावाचा रकाना भरा. रकाना भरला की फाईल पुढे सरकते. रिकामा असला की ती माझ्याकडेच राहते."

"कुणाचंही नाव चालेल?"

"कुणाचंही कसं चालेल? ज्याचं आहे त्याचंच लिहा," बाई म्हणाल्या. त्यांनी कोरा कागद पुढे केला.

सहदेव बाकावर जाऊन बसला. दशरथचं नाव लिहावं, तर पखवाज बंद करून तो आठवडाभर उगाच जिन्यात बसला होता. द्रौपदीबाई रडल्या होत्या. भाऊरावांचा आवाज हलला होता. या सगळ्यांना कुणी छळलं? साहेबांनी नाही. विलायतेच्या छापखान्यानंही नाही. एका ओळीसाठी चार महिने एक माणूस डिक्शनरी घेऊन जिने चढत होता, लोकांना चहा पिताना, कुलूप लावताना गाठत होता, मत दिलं की वाद घालत होता. त्याच्या तोंडावर कुणी दार बंद केलं नव्हतं. सहदेवला छातीत काहीतरी खुपलं, आणि ती डिक्शनरीची कड नव्हती.

त्यानं लिहिलं, 'ठराव क्र. ७ मधील अप्रिय व्यक्ती म्हणजे निम्नस्वाक्षरीकार स्वतः होय. तो संस्थेचा सभासद आहे. त्याला आपले म्हणणे मांडण्याची पुरेपूर संधी देण्यात आली. त्याचे काही म्हणणे नाही.' खाली सही केली, कंसात पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली सेक्रेटरी.

अनुपमाबाईंनी ते दोनदा वाचलं. "खरंच काही म्हणणं नाही?"

"होतं हो. पण एवढ्याशा कागदावर मावणार नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी 'खुलासा मान्य' असा शेरा मारून खाली शिक्का उठवला, आणि तो सरळ उठला. सहदेव घाडीगावकर आता सरकारी दप्तरात रीतसर अप्रिय होता.

परवानगी पाचव्या दिवशी आली. चौदा महिने पडलेली फाईल पाच दिवसांत सुटली, आणि खुलाशाची नकल फळ्यावर लागली. लोकांनी ती वाचली. दशरथचा पखवाज त्याच संध्याकाळी सुरू झाला, जरा जास्तच जोरात. द्रौपदीबाईंनी सुकटीचा पहिला वाटा घाडीगावकरांकडे पाठवला. भाऊरावांनी कमिटी बोलावून आभाराचा ठराव मांडला. सेक्रेटरींनी संस्थेच्या हितासाठी सदर दोष स्वतःकडे घेतला, याबद्दल सभा त्यांची ऋणी आहे. हा ठराव एकमतानं मंजूर झाला. सगळे येऊन सहदेवचा हात हातात घेऊन गेले. पण 'छे छे, तुम्ही कसले अप्रिय', असं एकही जण म्हणाला नाही. सहदेव शेवटच्या माणसापर्यंत वाट बघत होता.

रविवारी कुर्ल्याच्या एका शाळेत तो पेपरला बसला. बाक मुलांचा होता, गुडघे छातीला लागत होते. पहिले चार प्रश्न सुटले. पाचव्यात दोन-तीन शब्दांची क्रियापदं वाक्यांत वापरायची होती, आणि त्यांत तिसरं होतं, 'पुट अप विथ'.

सहदेवनं पेन खाली ठेवलं. पेपर पुन्हा साहेबच तपासणार होते. डिक्शनरीत तर ती ओळ तशीच होती, कुणी तिच्यात स्वल्पविराम घातला नव्हता. चार महिने झगडून त्याच्याजवळ नियम एकही नव्हता. मग सुलक्षणाबाईंचा शब्द त्याला आठवला, अनुभव. त्यानं पेन उचललं आणि लिहिलं, 'माय वाइफ पुट्स अप विथ मी.' 'पुट'ला एस लावायला तो विसरला नाही.

निकाल फेब्रुवारीत लागला. पास व्हायला पन्नास मार्क लागत. सहदेवला पन्नास होते. ना एक जास्त, ना एक कमी. साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा बसा म्हणाले. समोरच्या खुर्चीला हात होते. सहदेवनं त्यांवर आपले हात ठेवले, आणि आता त्यांचं काय करावं, हे त्याला सुचेना.

"ते पाचव्या प्रश्नातलं वाक्य," साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "आमच्याकडेही अगदी तसंच आहे हो."

मागच्या वर्षीचं वाक्य का कापलं, हे विचारायचं सहदेवच्या अगदी ओठांवर आलं. चार महिन्यांपूर्वी तो विचारून मोकळा झाला असता. आता त्यानं ते गिळलं, आणि तक्रार न करता गिळलं.

घरी जानकी खोबरं खवत होती. सहदेवनं निकाल सांगितला. तिचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. मग तो म्हणाला, की नेमके दोन मार्क तुझ्यामुळे मिळाले, आणि त्यानं ते वाक्य म्हणून दाखवलं.

"अर्थ सांगा मराठीत."

"माझी बायको मला, म्हणजे एका अप्रिय माणसाला, तक्रार न करता सहन करते."

खवणीवरचा हात थांबला. "तक्रार न करता?"

"डिक्शनरीत तसं आहे."

"मग चूक आहे ते वाक्य. मी तक्रार केली नाही, असा एक दिवस सांगा बावीस वर्षांतला."

सहदेवनं बावीस वर्षं फायलीसारखी मागे चाळली. असा एकही दिवस नव्हता. "ते साहेबांना कुठे ठाऊक आहे?" तो म्हणाला.

"म्हणून पास झालात."

सहदेव पाटावर बसला. वर पखवाज चालू होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि ते अप्रिय? ते तरी बरोबर आहे ना गं?"

"तो ठराव तुमच्या कमिटीचा. मला कुठे कुणी मत विचारलंय?"

"आता विचारतो."

जानकीनं खोबऱ्यानं माखलेला हात वर केला. "विरोधात," ती म्हणाली.

पाच विरुद्ध पाच. मतं समसमान पडली की निर्णायक मत अध्यक्षांचं असतं, असं सोसायटीच्या नियमांतच लिहिलं आहे. आणि या घरात अध्यक्ष कोण, हे सेक्रेटरीला बावीस वर्षं ठाऊक होतं.